साठ शब्दांसाठी कोपर ते बाळकुम

लोक सिंगापूरला जातात, आठ दिवसांत परत येतात आणि पुढची आठ वर्षं सांगत बसतात. मीही परदेश पाहून आलो आहे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत जाऊन आलो, तेही कोपरहून निघून, माजिवड्यावरून, बाळकुमपर्यंत. तीन दिवस लागले. पासपोर्ट लागला नाही. चपलांचा मात्र एक जोड कामी आला, तो अजून बाळकुमच्या खाडीत आहे. ज्यांना तिकडे जायला अद्याप जमलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहायला बसलो आहे.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी ठाण्याच्या एका पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंगवर होतो. दिवसभर नकाशे काढायचे आणि संध्याकाळी हौशी नाटकांत कामं करायची, असा माझा दुहेरी संसार. त्या पावसाळ्यात आमच्याकडे योनास नावाचा एक गृहस्थ तीन महिन्यांसाठी पंपदुरुस्ती शिकायला आला. चाळिशीचा, ठेंगणा, दाढीवाला, बोलायला अतिशय मृदू. त्याच्या डोंगरातल्या गावांना नळाने पाणी देण्याची काही योजना होती. खांद्याला सुतळीची विणलेली एक जाळीदार पिशवी सदैव लटकलेली. कॅन्टीनमध्ये तो पोळ्या मोजताना स्वतःच्या अंगाला हात लावतो, ही बातमी आमच्या खात्यात पहिल्याच आठवड्यात पोचली. मी ती घरी सांगितली आणि माझी भाची अनघा हातातला चहा खाली ठेवून ताडकन उभी राहिली.

"मामा, त्याची भाषा कोणती?"

"इंग्रजी बोलतो की चांगलं. माझ्यापेक्षा बरं."

"घरची भाषा रे!"

घरची भाषा कोबोन निघाली. अनघाला लॉटरी लागल्यासारखं झालं. ती भाषाशास्त्रात पीएच.डी. करत होती. विषय होता, माणसं जे शब्द उच्चारायचे टाळतात ते शब्द. प्रबंध जवळजवळ तयार होता, फक्त शेवटचं प्रकरण अडलं होतं. तिच्या सरांनी बजावलं होतं, "परदेशातलं एक उदाहरण स्वतःच्या कानांनी ऐकून, टेपवर घेऊन ये. पुस्तकातून उतरवलेलं प्रकरण मी काढून टाकीन." महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता. आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या मेव्हण्यांनी, तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर प्रबंध गुंडाळायचा आणि कल्याणच्या एका शाळेत रुजू व्हायचं. शाळेशी बोलणं झालंसुद्धा होतं. म्हणजे पोरीची पाच वर्षं एका प्रकरणाला टांगलेली. आणि योनासचं विमान होतं सोमवारी पहाटे.

शुक्रवार : कोपर

योनासचं शिक्षण गुरुवारी संपलं. मी रजा टाकून त्याला आमच्या घरी आणला. तेव्हाचं कोपर म्हणजे चार इमारती, मध्ये भातशेतं आणि पलीकडे खाडी. योनास गच्चीवर जाऊन चारी बाजूंना बघून आला आणि म्हणाला, "डोंगर कुठे ठेवलेत?" मी हाजी मलंगाकडे बोट दाखवलं. त्याने मान हलवली, पण यजमानाच्या घरचं लहान मूल बघून 'गोड आहे' म्हणतात ना, तशी.

जेवायला सुमतीने अळूवड्या केल्या होत्या. सुमती म्हणजे आमची सौभाग्यवती. पानं बघून योनासचा चेहरा उजळला. त्यांच्याकडे अळू म्हणजे रोजचं अन्न. पण ते कंद खातात. पानाला बेसन फासून, गुंडाळी करून, उकडून, कापून, वर परत तळायचं, हे ऐकून त्याने एक वडी उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाला, "तुमच्या बायकांना फार वेळ असतो."

मी याचं भाषांतर केलं नाही. मला रात्रीही जेवायचं होतं.

वड्या मात्र तो खात सुटला. अनघाने हसत विचारलं, "किती झाल्या?" योनासने उजव्या हाताचं बोट डाव्या करंगळीवर ठेवलं. तिथून एकेक बोट करत अंगठा, मग मनगट, मग हात चढत चढत खांदा, गळपट्टीचं हाड, आणि शेवटी गळ्याखालच्या खळगीत बोट टेकवून थांबला.

सुमतीने झटकन ताट उचललं. "बाई गं, अगदी गळ्याशी आलं बिचाऱ्याच्या! अहो, बडीशेप आणा!"

योनास उचललेल्या ताटाकडे असा बघत राहिला की मला भरून आलं.

"मामी, ठेव ते ताट!" अनघा ओरडली. "बारा म्हणतोय तो! बारा झाल्या!"

"मग गळ्याला कशाला हात लावतोय?"

"गळा म्हणजेच बारा!"

मग सगळा उलगडा झाला. या लोकांची मोजणी अंगावर होते. डाव्या करंगळीपासून पाच बोटं, सहा मनगट, सात हाताचा मधला भाग, आठ कोपर, नऊ दंड, दहा खांदा, अकरा गळ्याजवळचं हाड, बारा खळगी. मग पलीकडच्या बाजूने उतरत उजव्या करंगळीवर तेवीस. आठव्या जागेला मराठीत कोपर म्हणतात हे कळल्यावर त्याने आमच्या स्टेशनाची पाटी आठवून मनापासून विचारलं, की बाकीची सात स्टेशनं कुठे आहेत. ताट परत मिळाल्यावर तो उजव्या मनगटापर्यंत पोचला. हिशेब तुम्हीच करा. सुमती त्या दिवसापासून योनासला 'गुणी माणूस' म्हणते.

दुपारी अनघाने मला थोडं शहाणं केलं. पापुआ म्हणजे एक भाषा नव्हे आणि एक कुटुंबही नव्हे. त्या बेटावर आणि आसपास शेकड्यांनी भाषा आहेत. समुद्रावरून नंतर आलेल्या लोकांच्या भाषा सोडल्या की उरतात त्यांना सोयीसाठी पापुअन म्हणायचं. त्यातल्या कित्येकींचं आपसात काही नातं अजून सापडलेलं नाही. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर सिंधी, दुसऱ्यावर गुजराती, तिसऱ्यावर मल्याळी आहेत. तसं मानलं, तर तिकडे जिन्याच्या प्रत्येक पायरीवर नवं बिऱ्हाड. कोबोन बोलणारे काही हजार. शेजारच्या डोंगरावर कलाम नावाची तिची चुलतबहीण. आणि कोबोनचं नवल असं, की सगळी मिळून क्रियापदं शंभराच्या आसपास. बाकीची कामं त्यांचीच माळ ओवून करायची. लाकडं आणायची तर जा, तोड, घे, ये, ठेव, अशी.

मी टाळी वाजवली. "सुमे, आजपासून आपण घरात फक्त दहा क्रियापदं वापरायची!"

"मी लग्नापासून पाचच वापरते," सुमती कणीक मळत म्हणाली. "उठा, जा, आणा, ठेवा, गप्प बसा."

योनासला याचं भाषांतर सांगितलं. तो म्हणाला, "ही बाई आमच्याकडे सहज राहील."

हे सगळं झालं आणि मुख्य काम आलं. त्यांच्या डोंगरात उंचावर एक झाड असतं, आपल्या केवड्याचा भाऊबंद. त्याला टोपलीएवढी कणसं लागतात आणि त्यात खायच्या बिया. त्या पिकल्या की घरंच्या घरं वर रानात जाऊन काही दिवस राहतात. आणि तिथे असेपर्यंत रोजचे शब्द बंद! डुकराला वेगळा शब्द, विस्तवाला वेगळा, बायकोला वेगळा, पावसाला वेगळा. एक आख्खी वेगळी बोली, फक्त त्या झाडांखाली बोलायची. चुकून रोजचा शब्द तोंडातून गेला की बिया पाणचट होतात. योनासला ही बोली त्याच्या आत्याने शिकवली होती. अनघाला हवे होते त्यातले फक्त साठ शब्द.

अनघाने टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला. पंखा बंद केला. सुमतीने कुकरखालचा गॅस बंद केला. मी श्वास बंद केला. योनासने तोंड उघडलं, समोरच्या फ्रिजकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

"इथे नाही येत," तो म्हणाला.

"विसरलास?"

"विसरलो नाही. इथे बोललो तर तिकडे बिया बिघडतील."

"अहो, इतक्या लांब?" मी म्हणालो. "मध्ये किती समुद्र आहेत!"

तो विचार करून म्हणाला, "असतील. पण यंदा बिया पाणचट निघाल्या तर आत्या विचारेल, कोणी काय केलं. मग मी काय सांगू? मी ठाण्यात होतो म्हणून?"

अनघा कॅसेट डबीत घालत होती, काढत होती, परत घालत होती.

"मग कुठे बोलशील?" तिने अगदी हळू विचारलं.

"त्या झाडाखाली."

मी खुर्चीवर उभा राहिलो. माझी ती सवय आहे. म्हणालो, "झाडाचा भाऊबंद चालेल?"

शनिवार : माजिवडा

केवडा म्हटल्यावर मला आठवली माजिवड्याची नर्सरी. हायवेलगत ट्रकांच्या धुरात गुलाब आणि क्रोटन विकणारा एक माळी तिथे बसायचा. त्याच्याकडे केवडा होता, हे मी शपथेवर सांगितलं. होताही. एका गंजक्या डब्यात, माझ्या गुडघ्याएवढा.

माळ्याने तो उचलून मध्ये आणून ठेवला. आम्ही चौघं त्याच्याभोवती उकिडवे बसलो. अनघाने टेप सुरू केला. मागून ट्रकांचे भोंगे वाजत होते. योनास त्या रोपाकडे बघत राहिला, रोप योनासकडे.

"काय चाललंय?" माळ्याने मला विचारलं.

"हे या झाडाशी बोलणार आहेत."

"बोला की. मीपण बोलतो रोज. फक्त पानं ओढू नका, काटे हायेत."

पाच मिनिटांनी योनासने अनघाच्या कानात काहीतरी सांगितलं. अनघाने टेप बंद केला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, हे बाळ आहे. बाळासमोर असं बोलत नाहीत."

सुमतीला हे तात्काळ पटलं. तिने रोपाला थोडं पाणीही घातलं. मला मात्र घाम फुटला. शनिवारची दुपार झाली होती आणि टेपवर आतापर्यंत फ्रिजची घरघर आणि सहा ट्रक जमा होते. अनघा हायवेच्या कठड्याला टेकून उभी होती. म्हणाली, "मामा, राहू दे. शाळा काही वाईट नाही. दुपारची असते." ती हे इतक्या समजूतदारपणे म्हणाली की रडली असती तर बरं वाटलं असतं.

माळी मागून म्हणाला, "मोठा केवडा पायजे तर बाळकुमला जा. खाडीला लागून रान आहे. पण कोळणीला विचारून जा, एकटे घुसू नका."

बाळकुमची कोळीण! आमची हौसामावशी! ठाण्याच्या मासळीबाजारात गेली दहा वर्षं मला बोंबील आणि शिव्या एकाच टोपलीतून देणारी बाई बाळकुमचीच होती. मी तसाच बाजारात धावलो.

"मावशी, केवडा आहे का तुमच्याकडे?"

"इकरं म्हावरं इकतंय मी, फुलं नाय. पन हाय. कशाला पायजे? बायकोला काय केलंस?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने पापलेट पलटत शांतपणे ऐकलं. एवढी विचित्र गोष्ट ऐकूनही ती एकदाही हसली नाही. म्हणाली, "उद्या सकाली ये. भरतीच्या आत बाहेर परायला पायजे."

त्या संध्याकाळी मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं ड्रॉइंगचं काम केलं. कारण अनघाच्या लक्षात आलं, की झाडाखाली रोजचे शब्द बंद म्हणजे तिलाही 'डुकराला काय म्हणतात' असं विचारता येणार नाही. तेव्हा साठ चित्रं काढायची. चित्र दाखवायचं, त्याने शब्द बोलायचा. मी पुठ्ठ्याच्या साठ तुकड्यांवर कुत्रा, विस्तव, कुऱ्हाड, पाऊस, म्हातारी असं सगळं काढलं. योनास बाजूला बसून तपासत होता. डुकरापाशी थांबला.

"हा पंप आहे," तो म्हणाला.

पंधरा वर्षं पंप काढल्यावर हात दुसरं काय काढणार? मी त्याला शेपूट लावलं.

रविवार : बाळकुम

गाव संपलं की भाताची खाचरं, मग बांध, बांधाच्या पलीकडे खाडीचा चिखल आणि त्याच्या कडेने केवड्याचं बन. पुरुषभर उंच, एकमेकांत गुंतलेलं, मुळांच्या काठ्या टेकून उभं. वास असा की डोकं हलकं व्हावं. मी हात पसरून, नाटकात पडदा वर जाताना उभं राहतात तसा, योनासकडे वळलो.

योनासने एक कणीस हुंगलं. शिंकला. मग बारकाईने झाड पाहिलं, वर पाहिलं, खाली पाहिलं.

"याच्या बिया खाता?"

हौसामावशीला विचारलं. "खातं कोन? डोस्क्यात घालतो."

"डोक्यात?" योनास मागे सरला. "मग हे ते झाड नाही."

अनघाने डोळे मिटून घेतले. मी भाऊबंद, चुलतभाऊ, मावसभाऊ असं सगळं सांगून पाहिलं. तो नम्रपणे मान हलवत राहिला. चेहरा त्याचाही पडला होता. त्यालाही तिला शब्द द्यायचे होते हो. पण बिया बिया असतात.

इकडे हौसामावशीला आमच्या चर्चेत रस नव्हता. तिने योनासच्या खांद्यावरची पिशवी हातात घेऊन उलटसुलट केली होती. जाळी विणणारी बाई ती. "गाठच नाय याला!" ती म्हणाली. "नुसतं वेढं! कोनी विणली?" आत्याने, असं कळल्यावर तिने पिशवी मानाने परत केली. मग पदर खोचून बनाच्या तोंडाशी उभी राहिली आणि तीनदा टाळ्या वाजवल्या.

"हे कशाला?" सुमतीने विचारलं.

"आत लांबरं असतं ना. वासाला येतं."

"लांबरं म्हणजे? सा..."

मावशीने सुमतीच्या तोंडावर हातच ठेवला. खारट हात. "नाव नाय घ्यायचं! इथं नाव घेतलं का येतं. लांबरं म्हनायचं. नायतर मामा म्हनायचं."

"मामा?" मी दचकलो.

"तुला नाय रं सायबा. तुझं नाव घेतलं तरी तू येतोसच."

अनघाने हे सगळं योनासला भाषांतर करून सांगितलं. आणि काय सांगू! त्याचा चेहरा असा बदलला, जणू परक्या गावात कोणीतरी हाक मारली. त्याने घाईने विचारलं, "अजून काय बोलायचं नाही इथे?"

मावशी विचारात पडली. मग सुरू झाली. होडी काढताना कुणी 'कुठं चाललास' विचारायचं नाही. विचारलं तर त्या दिवशी घरी बसायचं. जाळं फाटलं म्हणायचं नाही. तिला सुमती मिळाली. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. दिवा विझवला म्हणायचं नाही, मालवला म्हणायचं. तांदूळ संपले म्हणायचं नाही, तेही वाढलेच. निघताना जातो म्हणायचं नाही. दोघी बांधावर उभ्या राहून एकमेकींना शब्द पुरवत होत्या आणि अनघा वही काढून धडाधड लिहीत सुटली होती. पाच वर्षं ती हे पुस्तकांत शोधत होती आणि तिची मामी रोज दिवा मालवत होती.

योनासने अंगठ्यापर्यंत मोजलं, मनगटापर्यंत मोजलं, कोपराच्या वर गेला. दंडाशी थांबून म्हणाला, "झाड वेगळं आहे. नियम तोच आहे. चला आत."

नियम त्याने बांधावरच समजावले. बनात असेपर्यंत त्याची बोली त्याने बोलायची. आम्ही आमचे रोजचे शब्द, वस्तूंची नावं, माणसांची नावं, काही उच्चारायचं नाही. बोलायचंच असेल तर वळसा घालून. मग सुमतीकडे वळून त्याने विचारलं, "नवऱ्याला काय म्हणता?"

"आमचे हे," सुमती म्हणाली.

"ही तयारच आहे," योनासने अनघाला सांगितलं.

आत केवड्याच्या मुळांवर आम्ही बसलो. डास मी म्हणत होते. त्यांना तिथे 'गाणारे' म्हणायचं, हे मावशीने ठरवलं. सुमतीने पाण्याची बाटली मागितली ती 'थंड द्या' म्हणून. टेपरेकॉर्डर झाला 'कान'. अनघाने पहिला पुठ्ठा धरला. कुत्रा. योनासने कणसाकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि पहिला शब्द बोलला.

तो शब्द मी ऐकला. पण सांगणार नाही. लिहायला बसलोय ती जागा बन नव्हे.

दुसरा, तिसरा, दहावा. शेपूटवाला पंप समोर आला तेव्हा तो क्षणभर थांबला, दाढीत हसला आणि शब्द बोलला. कान फिरत होता. अनघाचं बोट प्रत्येक शब्दाला वहीत एक टिंब मारत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी अर्धा तास गप्प होतो. सुमती अधूनमधून माझ्याकडे अविश्वासाने बघत होती. मला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या. हे सगळं मी ऑफिसात कसं सांगणार, अनघाचा चेहरा कसा करून दाखवणार, याची तालीम मनात चालली होती.

अडतिसाव्या पुठ्ठ्याला माझं लक्ष अनघाच्या डोक्याच्या वर गेलं. पानांतून काहीतरी ओघळत होतं. पिवळसर, मनगटाएवढं जाड, सावकाश. मला शब्द माहीत होता. दोन शब्द माहीत होते. लांबरं माहीत होतं, मामाही माहीत होता. मी हातवारे केले. अनघाला वाटलं मी अभिनय करतोय. सुमतीला वाटलं गाणारे चावताहेत. ते डोकं अनघाच्या वेणीपासून वीतभर राहिलं आणि माझ्या पोटातून, रंगमंचावर शेवटच्या रांगेला ऐकू जावा असा, आवाज निघाला:

"साप! साप! अनघा, साप!"

एकदा नव्हे, तीनदा. वर एक माणसाचं नावही.

ती धामण होती. माझ्या आवाजाने तीच घाबरली आणि सळसळत निघून गेली. हौसामावशीने कपाळाला हात लावला. योनासने डोळे मिटले. कान फिरतच होता.

मग योनास उठला आणि बाहेर आला. त्याच्यामागे आम्ही. बांधावर तो पाठमोरा उभा राहिला. अनघाने वही मिटली. अडतीस टिंबं. खाडीचं पाणी चढायला लागलं होतं.

"आता?" मी विचारलं.

"बिया गेल्या," योनास म्हणाला. "आजची तोड संपली."

"अरे, पण उद्या तू नाहीस!"

त्याने मान खाली घातली.

हे भाषांतराशिवायच हौसामावशीला समजलं. ती पुढे झाली आणि थेट योनासशी बोलायला लागली. ती कोळी बोलीत, तो इंग्रजीत, मध्ये अनघा धापा टाकत. मावशी म्हणाली, "आमच्याकरं होडीवर कोनी वाईट बोललं तर अख्खा फेरा नाय सोरत. ज्यानं बोललं त्याला काठावर उतरवतात. शब्द त्याचा, त्याच्याबरोबर जातो. बाकीचं जाळं टाकतात. तुमच्यात?"

योनास स्वतःशीच पुटपुटत राहिला. एकदा आत्याचं नाव घेतलं, असं अनघाने नंतर सांगितलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मावशीने माझ्याकडे बघितलं. सुमतीनेही बघितलं. तिच्या बघण्यात मला थोडा आनंदही दिसला.

"किती लांब उतरवायचं?" अनघाने विचारलं.

"त्याचा आवाज पोचनार नाय इतकं," मावशी म्हणाली. मग माझा आवाज आठवून तिने बोट आणखी पुढे केलं, खाडीच्या चिखलात रोवलेल्या एका खुंट्याकडे. "तिकरं."

मी गेलो. भाचीसाठी गेलो. चपला दहाव्या पावलाला चिखलाने ठेवून घेतल्या. खुंट्याला धरून मी उभा राहिलो. दूर केवड्याचं बन, त्यात चार डोकी, आणि एक पुठ्ठा वर होताना दिसायचा. ऐकू काही येत नव्हतं. पाणी घोट्याशी आलं. एका खेकड्याने माझी चौकशी केली. पाणी पोटऱ्यांशी आलं. एकदा सगळे जण मोठ्याने हसले. कशाला, ते मला कळलं नाही. माझ्या आयुष्यात लोक हसत आहेत आणि मी तिथे नाही, असा तो पहिला प्रसंग. पाणी गुडघ्याच्या वर गेलं तेव्हा अनघा बनातून बाहेर धावत आली आणि तिने माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले. मग उजव्या हाताचं बोट डाव्या करंगळीवर ठेवून भराभर अंगावरून पलीकडे उतरली, परत पहिल्यापासून, परत पलीकडे, आणि तिसऱ्यांदा चढून उजव्या खांद्याशी थांबली. तेवीस, तेवीस आणि चौदा. साठ!

मी खाडीत नाचलो. त्या भागात ते अजून आठवतात म्हणे.

सोमवारी पहाटे योनास गेला. जाण्यापूर्वी त्याने अनघाकडून वचन घेतलं की ती टेप घरात, स्वयंपाकाच्या वासात, वाजवायची नाही. तिने पाळलं. पुढचे अकरा दिवस ती टेप घेऊन बाळकुमला जायची, बनात बसून एकेक शब्द उतरवायची, आणि हौसामावशी तिला तिथेच भाकरी आणि सुकट द्यायची. प्रकरण झालं. त्यातला अर्धा भाग बांधावरच्या दोन बायकांचा होता. तोंडी परीक्षेच्या वेळी पुण्याहून आलेले परीक्षक म्हणाले, टेप ऐकल्याशिवाय मी सही करणार नाही. तेव्हा अनघाने त्यांना, कोट, छत्री आणि तिच्या सरांसह, केवड्यात नेऊन बसवलं. तासाभराने ते बाहेर आले, बांधावर थांबून चष्मा पुसला आणि सही केली. कल्याणच्या शाळेने दुसरी कोणी पाहिली.

मला मात्र मावशीने त्या दिवशीही आत सोडलं नाही. शब्द तुझ्याबरोबर गेलाय म्हणते, तो परत नको आणूस. टेप अनघाच्या कपाटात आहे, आणि ती घरात वाजत नाही. म्हणजे अडतिसाव्यापुढचे बावीस शब्द ऐकलेली माणसं ठाणे जिल्ह्यात तीन-चार आहेत आणि त्यांतली एक माझ्या घरात राहते. मी सुमतीच्या पाया पडून पाहिलं. गच्चीवर चल म्हटलं, खाडीवर चल म्हटलं. "केवडा आहे का तिथे?" एवढंच विचारते. कधी पोळी लाटता लाटता तिचं लाटणं मध्येच थांबतं, ती माझ्याकडे बघते, काहीतरी ओठांवर येतं, आणि ती हसून पुढची पोळी लाटायला घेते.